आम्हांला वही काढायला लावा

संख्या सिद्धांतात संशोधन करणाऱ्या आणि तो विषय व्हिडिओतून आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या सर्व गणितज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

मी गणितज्ञ नाही. शाळा संपली तेव्हा गणिताशी असलेला संबंधही संपला, आणि रोजच्या कामात मला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. तरी गेली काही वर्षं रात्री घर निजलं की मी तुमचे व्हिडिओ बघते. मूळ संख्या, फर्माचं शेवटचं प्रमेय, रीमानचं गृहीतक. यातलं काही आपल्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते आलं ते तुमच्यामुळे. त्या ऋणातूनच हे पत्र लिहिते आहे, आणि त्यात एक मागणं आहे. आम्हांला थक्क करून थांबू नका. आम्हांला वही काढायला लावा.

म्हणजे काय, ते एका रात्रीवरून सांगते.

एका व्हिडिओत एक समीकरण होतं: य चा वर्ग अधिक य बरोबर क्ष चा घन उणे क्ष चा वर्ग. सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, याची उत्तरं नेहमीसारखी शोधू नका, बाक्यांमध्ये शोधा. समजा ५ घेतले. मग क्ष आणि य यांच्या जागी फक्त ० ते ४ हे अंक घालायचे, दोन्ही बाजूंना ५ ने भागायचं आणि बाकी सारखी येते का ते बघायचं. अशा किती जोड्या जुळतात ते मोजायचं. एवढं सांगून त्यांनी व्हिडिओ थांबवायला सांगितलं. तसं सगळेच सांगतात. पण या बाई पडद्यावर रिकामा तक्ता ठेवून खरोखरच गप्प बसल्या.

मी वही काढली. आधी २ घेतले: ४ जोड्या. मग ३: पुन्हा ४. मग ५: पुन्हा ४. मला वाटलं, नेहमी ४ च येत असणार. म्हणून ७ करून बघितले, तर १० आल्या. व्हिडिओत पुढे ९ सांगितल्या होत्या. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा १०. व्हिडिओच चुकलाय अशी माझी खात्री होत आली होती. तेवढ्यात पाणी प्यायला उठलेली माझी चौदा वर्षांची मुलगी येऊन शेजारी बसली आणि तिने ओळीवर बोट ठेवलं. क्ष च्या जागी ६ घातले की उजवी बाजू १८० होते, ७ ने भागून बाकी ५. डावीकडे बाकी ५ देणारे य मी ३ आणि ४ असे दोन धरले होते. पण ४ चा वर्ग १६, त्यात ४ मिळवून २०, आणि २० ची बाकी ६ येते. म्हणजे ४ बाद. उरला फक्त ३, आणि एकूण जोड्या ९.

मग आम्ही दोघींनी व्हिडिओ पुढे सुरू केला. बाई म्हणाल्या, आता प्रत्येक मूळ संख्येतून तिच्या जोड्या वजा करा. २ उणे ४, म्हणजे उणे २. ३ उणे ४, म्हणजे उणे १. ५ उणे ४, म्हणजे १. ७ उणे ९, म्हणजे उणे २. ही यादी बाजूला ठेवा. आता एक गुणाकार करू, ज्याचा या समीकरणाशी काही संबंध दिसत नाही. सुरुवात क या अक्षराने करायची. त्याला (१ उणे क) च्या वर्गाने गुणायचं, मग (१ उणे क चा दुसरा घात) याच्या वर्गाने, मग तिसऱ्या घाताच्या, चौथ्या घाताच्या, असं न संपणारं. आणि त्याच्या जोडीला अकराव्या, बाविसाव्या, तेहतिसाव्या घातांचे तसेच कंस पुन्हा एकदा घ्यायचे. उत्तरात क च्या दुसऱ्या घातापुढे कोणता सहगुणक येतो? उणे २. तिसऱ्यापुढे? उणे १. पाचव्यापुढे १. सातव्यापुढे उणे २.

मुलगी म्हणाली, "पण यांना एकमेकांचं कसं माहीत?"

या एका प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे. तिला फर्मा कोण हे ठाऊक नव्हतं, ती कोणाच्या हुशारीने दिपून गेली नव्हती, मागे संगीतही नव्हतं. तिने स्वतः एक गणती दुरुस्त केली होती आणि ती गणती दुसरीकडून चालत आलेल्या आकड्याशी जुळली होती. आकडा तिचा होता, म्हणून प्रश्नही तिचा झाला.

आता फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरचे नेहमीचे व्हिडिओ आठवा. (फर्माचं म्हणणं असं: घात २ पेक्षा मोठा असेल, तर दोन धन पूर्ण संख्यांच्या त्या घातांची बेरीज तिसऱ्या पूर्ण संख्येचा तोच घात कधीच होत नाही.) त्यांत फर्माची समासातली टीप असते, अँड्र्यू वाइल्स यांचं सात वर्षं घरातल्या खोलीत गुपचूप चाललेलं काम असतं, १९९३ च्या जूनमधलं केंब्रिजचं व्याख्यान असतं, मग सापडलेली चूक, आणि १९९४ च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड टेलर यांच्या मदतीने ती भरून निघणं. हे सगळं खरं आहे आणि ते मीही डोळ्यांत पाणी आणून बघितलं आहे. पण वाइल्स यांनी सिद्ध काय केलं? व्हिडिओ संपल्यावर मला हे कोणी विचारलं असतं तर मला एक वाक्य बोलता आलं नसतं. त्या रात्रीनंतर मी बोलू शकते. त्यांनी दाखवलं की अशा समीकरणांच्या एका मोठ्या वर्गात प्रत्येक समीकरणाला आमच्या त्या गुणाकारासारखा एक जोडीदार असतोच, आणि दोघांच्या याद्या शेवटपर्यंत जुळतात. त्या जोडीदाराला मॉड्युलर फॉर्म म्हणतात. फर्माचं म्हणणं खोटं असतं, तर त्यातून एक असं समीकरण तयार झालं असतं ज्याला जोडीदार मिळूच शकत नाही. ही कल्पना गेरहार्ट फ्राय यांची, आणि ती पक्की करण्याचं काम केन रिबेट यांनी १९८६ मध्ये केलं. वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्ये छापून आली. राहिलेल्या सगळ्या समीकरणांचं काम २००१ मध्ये टेलर धरून चौघांनी मिळून पुरं केलं. वाइल्स यांची सिद्धता मला समजलेली नाही आणि समजणारही नाही. पण सिद्ध काय झालंय ते मला कळलंय, कारण त्याचा एक तुकडा माझ्या वहीत माझ्या अक्षरात आहे.

तुमची भीती मला कळते. सूत्र दिसलं की लोक पळतात, असं तुम्हांला सांगितलं जातं. काही पळतही असतील. पण आम्ही नेमके कशाला भितो ते जरा जवळून बघा. आम्हांला अडतं ते न समजावता टाकलेल्या चिन्हामुळे. आकडेमोडीमुळे नाही. भागाकार करून बाकी काढणं प्रत्येकाला येतं. गुणाकार येतो. तक्ता भरता येतो. संख्या सिद्धांतासारखा दुसरा विषय नाही ज्याच्या अगदी आतल्या खोलीतली वस्तूसुद्धा शाळेतल्या हत्यारांनी हाताळून बघता येते. भौतिकशास्त्राच्या व्हिडिओतून कृष्णविवर माझ्या हातात येऊ शकत नाही. इलिप्टिक कर्व्ह, म्हणजे आमच्या त्या समीकरणासारख्या समीकरणाचा वक्र, येऊ शकतो; ७ च्या बाक्यांत त्याच्या नऊ जोड्या जुळतात आणि त्या मी मोजल्यात. (त्याच्या नावात लंबवर्तुळ असलं तरी आकाराने तो लंबवर्तुळ नसतो, हेही एकदा सुरुवातीलाच सांगून टाकत जा.) तुमच्या विषयाची ही एवढी मोठी देणगी तुम्ही वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याउलट जे वापरता त्यातल्या काही गोष्टी सोडाव्यात अशी विनंती आहे. १ अधिक २ अधिक ३ असं करत गेलं की उणे एक बारांश येतं, हा खेळ त्यांतला पहिला. किती लोकांनी तो बघून आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यांतल्या किती जणांनी मनात ठरवलं की गणित हा मोठ्या लोकांचा मनमानी कारभार आहे! त्यामागची खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. १, २, ३ अशा न संपणाऱ्या सगळ्या संख्यांचे घात घ्यायचे, त्यांचे व्यस्त मिळवायचे. (घातांक उणे १ घेतला की ही बेरीज १ अधिक २ अधिक ३ अशीच दिसते.) घातांक १ पेक्षा मोठा असेल तरच ही बेरीज एखाद्या संख्येशी येऊन टेकते. तिथे तिला झीटा फल (फंक्शन) म्हणतात. रीमान यांनी १८५९ मध्ये या फलाचा असा विस्तार मांडला की जिथे बेरीज बोलतच नाही तिथेही फल बोलू लागतं, आणि नियम पाळून असा विस्तार एकाच प्रकारे होऊ शकतो. त्या विस्ताराची उणे १ या ठिकाणची किंमत उणे एक बारांश आहे. म्हणजे बेरजेची किंमत उणे एक बारांश नव्हे. जिथे बेरीज थांबली तिथून पुढे गेलेल्या फलाची ती किंमत. हा फरक सांगायला पाच मिनिटं जास्त लागतील. ती घ्या. आम्ही थांबतो.

दुसरी गोष्ट रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे हेच झीटा फल कुठे कुठे शून्य होतं याबद्दलच्या त्यांच्या अजून सिद्ध न झालेल्या अंदाजाची. ते सिद्ध झालं तर बँकांची कुलपं उघडतील, पासवर्ड निकामी होतील, असं सांगून व्हिडिओ विकू नका. आजच्या गुप्तलेखनाचा एक मोठा भाग दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून त्या दोघी वेगळ्या काढणं अवघड आहे यावर उभा आहे. गृहीतक खरं धरून एखादी झटपट रीत सापडणार असती, तर ते आजच खरं धरून ती वापरून बघायला कोणाची आडकाठी आहे? गृहीतकाचं मोल वेगळंच आहे: मूळ संख्या किती शिस्तीने विखुरल्या आहेत हे त्यातून कळतं. शिस्त हा शब्द पुरेसा ओढ लावणारा आहे, त्याला चोरीच्या भीतीची जोड लागत नाही.

रामानुजनांचंही असंच. १७२९ या टॅक्सीच्या नंबराची गोष्ट मला आता पाठ झाली आहे. पण १९१६ च्या त्यांच्या निबंधातली टाऊ नावाची यादी कोणी क्वचितच उघडून दाखवतं. तीही एका गुणाकारातूनच निघते. फक्त इथे प्रत्येक कंसाचा चोविसावा घात घ्यायचा. त्या यादीत दुसऱ्या जागी उणे २४ आहे, तिसऱ्या जागी २५२. या दोघांचा गुणाकार करा: उणे ६०४८. आता सहाव्या जागी बघा. उणे ६०४८. रामानुजनांना हे दिसलं, मोर्डेल यांनी पुढच्याच वर्षी ते सिद्ध केलं. आणखी एक बघा. २ चा अकरावा घात २०४८, त्यात १ मिळवला की २०४९. त्यातून उणे २४ वजा केले की २०७३, आणि २०७३ म्हणजे बरोबर ६९१ गुणिले ३. यादीत कुठलीही जागा घ्या, तिच्या सगळ्या विभाजकांचे अकरावे घात मिळवा, ६९१ ने भागा. त्या जागेवरच्या आकड्याला ६९१ ने भागल्यावर येते तीच बाकी इथेही येते. हे करून बघणाऱ्या माणसाला रामानुजनांच्या थोरवीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

आता व्हिडिओ या माध्यमाबद्दल, कारण ते पुस्तकापेक्षा कुठे सरस आहे हे तुम्ही ओळखून आहात, पण ते पुरतं वसूल करत नाही असं मला वाटतं. डावीकडे न संपणाऱ्या संख्या घ्या. ...९९९९, डावीकडे नऊच नऊ. त्यात १ मिळवा. नऊ अन् एक दहा, खाली शून्य, हातचा एक. पुन्हा नऊ अन् एक दहा, खाली शून्य, हातचा एक. हा हातचा डावीकडे सरकतोय, सरकतोय, आणि मागे फक्त शून्यं राहतात. पुस्तकात हे एक ओळभर असतं. पडद्यावर तो हातचा पळताना मी बघितला आणि ती संख्या उणे १ का, हे मला शब्दांशिवाय कळलं. पण बहुतेक व्हिडिओ इथे थांबतात, आणि मग एकदम "गणितज्ञ मात्र १० ऐवजी मूळ संख्या घेतात" म्हणून पुढे जातात. का घेतात? इथेच तर वही काढायची वेळ आहे! ६२५ गुणिले ६२४ करा: ३९००००. ९०६२५ गुणिले ९०६२४ करा: ८२१२८०००००. पहिल्यात शेवटी चार शून्यं आली, दुसऱ्यात पाच. असंच डावीकडे वाढवत गेलं तर दोन संख्या मिळतात ज्यांच्यातली एकही शून्य नाही आणि गुणाकार मात्र शून्य आहे. अशा ठिकाणी समीकरणं सोडवायची कशी? पाया १० ऐवजी मूळ संख्या घेतला की हे संकट येत नाही. कुर्ट हेन्सेल यांनी १८९७ मध्ये या संख्या मांडल्या, आणि वाइल्स यांच्या सिद्धतेतही त्या जागोजागी आहेत. दोन गुणाकारांत एवढं सगळं उलगडतं.

माझ्या मनातली खरी तक्रार मधल्या जागेबद्दल आहे. एका टोकाला पंधरा मिनिटांचे देखणे व्हिडिओ आहेत. दुसऱ्या टोकाला विद्यापीठातली पूर्ण व्याख्यानं आहेत. १९९८ चं फील्ड्स पदक मिळवलेले रिचर्ड बोर्चर्ड्स यांनी २०२० पासून आपली व्याख्यानं यूट्यूबवर ठेवली आहेत. कागद, पेन आणि वरून रोखलेला कॅमेरा, बस्स. त्यांतल्या संख्या सिद्धांताच्या पहिल्या काही व्याख्यानांत मी टिकले, मॉड्युलर फॉर्मच्या व्याख्यानांत दहाव्या मिनिटाला हात टेकले. त्यात त्यांचा दोष नाही, ती विद्यार्थ्यांसाठीच आहेत. पण त्यांच्या साधेपणातून मला एक गोष्ट कळली: माणूस आपल्यासमोर लिहीत असला की आपण त्याच्या वेगाने विचार करतो. चलचित्रं कितीही गुळगुळीत असोत, ती माझ्या विचारापेक्षा जोरात पळतात. या दोन टोकांच्या मधे, शाळेइतकं गणित येणाऱ्या आणि चिकाटी असणाऱ्या माणसासाठी, पायऱ्या फार थोड्या आहेत. एका विषयावर आठ-दहा भाग, प्रत्येकात एकच गोष्ट हाताने करून घ्यायची, आणि जिथे झेप घ्यावी लागेल तिथे स्वच्छ सांगायचं: "इथे मी एक पायरी गाळतोय, तिचं नाव हे, ती शिकायला इतकं लागतं." हे वाक्य मला खूप मोलाचं वाटतं. ते ऐकलं की न समजल्याचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. ते नसेल, तर पायरी तुम्ही गाळलेली असते आणि ठेच मला लागते.

उपमाही जपून वापरा. मूळ संख्यांना अणू म्हटलंत, ठीक आहे. सममितीला नाच म्हटलंत, तेही चालेल. पण उपमा दिल्यावर ती कुठे तुटते तेही सांगा. आणि चूक राहिली तर ती वर्णनात, दिसेल अशा जागी, वेळेसकट नोंदवा. पुस्तकाला पुढची आवृत्ती असते, व्हिडिओ वर्षानुवर्षं तसाच फिरत राहतो.

जे संशोधन करतात पण व्हिडिओ करत नाहीत, आणि ज्यांच्या हातात विभागांची सूत्रं आहेत, त्यांनाही दोन शब्द. हे काम फावल्या वेळेचं मानू नका. आमच्यासाठी एक स्वच्छ उदाहरण निवडायला, ते वहीच्या एका पानावर मावेल इतकं लहान करायला आणि तरीही खरं ठेवायला काय लागतं, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या बाईंनी निवडलेलं समीकरण हे अशा निवडीचंच फळ होतं. ज्याने आयुष्य त्या विषयात घालवलं आहे त्यालाच नेमकं ते पान सापडतं.

जाता जाता त्याच पानावरचं एक. आम्ही मायलेकींनी पुढे ११ ची गणतीही केली. १० जोड्या येतात. ११ उणे १० बरोबर १, आणि गुणाकारातही अकराव्या घातापुढे १ च आहे. पण तिथे एक निराळी गोष्ट आहे. क्ष ८ आणि य ५ ही जोडी घेतली तर ११ च्या बाक्यांत त्या ठिकाणी वक्र स्वतःलाच छेदतो. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येच्या बाक्यांत हा वक्र असा बिघडत नाही. आणि गुणाकारात जोडीला घेतलेले जादा घातही ११, २२, ३३ असेच होते. दोन्हीकडचं हे ११ एकच आहे. ते एकच का, आणि या दोन याद्या कधीच फारकत घेत नाहीत हे मार्टिन आयशलर यांनी १९५४ मध्ये कोणत्या वाटेने दाखवलं, यावर तुमच्यापैकी कोणी मालिका करावी अशी आमची विनंती आहे. दहा भाग लागले तरी चालतील, वीस लागले तरी. १३ ची गणती आम्ही करून ठेवली आहे. ९ आली.

आपली,
वही घेऊन बसलेली एक प्रेक्षक